नानांचा क्रॉसओव्हर

स्पीकर विकत घेऊन ऐकत बसणारी माणसं वेगळी आणि स्पीकर विकत घेऊन उघडत बसणारी वेगळी. या दुसऱ्या जातीचा एक तरी नमुना पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत सापडतो. साठी उलटलेली, मुलं परदेशी, चष्मा कपाळावर, बोटांना सोल्डरिंगचे चटके आणि तोंडी कायम एकच वाक्य, "आता खरा आवाज येईल बघ." आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे पद तिसऱ्या मजल्यावरचे नाना भूषवतात.

नाना बँकेत कर्ज विभागात होते. अर्जावरची सही जरा तिरकी आली तरी फाइल परत जायची. तारण बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला दमडी मंजूर केली नाही. हाच माणूस निवृत्तीनंतर "आवाजात हवा खेळू लागेल" एवढ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून अपग्रेड किटचे पैसे आगाऊ भरून मोकळा झाला. स्पीकरची जोडी 30 हजारांची. किट, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून 32 हजारांचं. "मूळ रकमेपेक्षा व्याज जास्त झालं की नाना," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तुला त्यातलं कळायचं नाही. पेटी कुणीही विकत घेतो."

त्यातलं जे कळतं ते असं. स्पीकरच्या पेटीत वूफर आणि ट्वीटर यांच्यामागे एक लहानसा बोर्ड असतो, क्रॉसओव्हर. पखवाजाची थाप वूफरकडे, झांजेची किणकिण ट्वीटरकडे, अशी वाटणी तो करतो. कंडेन्सर, कॉइल आणि रेझिस्टर एवढाच त्याचा संसार. कंपनीला पैसे वाचवायचे असतात, म्हणून ती तिथे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, लोखंडी गाभ्याची कॉइल आणि पांढरे सिमेंट रेझिस्टर टाकते. किटवाला त्या जागी पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कंडेन्सर, जाड तांब्याच्या तारेची बिनगाभ्याची कॉइल आणि महागडे रेझिस्टर देतो. वर आतल्या वायरी, मागचे सोनेरी टर्मिनल आणि पेटीच्या भिंतींना आतून चिकटवायचे डांबरी पत्रे. सगळं फोममध्ये असं निगुतीनं बसवलेलं असतं की नानांनी ते उघडल्यावर अर्धा तास नुसतं बघितलं. काकूंना दाखवायला नेलं, तेव्हा मंगळसूत्राच्या डबीला नानांनी कधी लावला नव्हता इतका हळुवार हात त्या खोक्याला लावला होता.

पेटी उघडण्याचा विधी सकाळी आंघोळ झाल्यावर. डायनिंग टेबलावर जुनी चादर, तिच्यावर पालथा स्पीकर. स्क्रू काढले की ते वाटीत, आणि वाटीवर चिठ्ठी: "उजवा, वूफर, वरचे." आतली कापसासारखी भरण बाहेर आली की घरभर शिंका. बोर्डावरचे भाग गरम गोंदाने थापलेले, ते सोडवताना नाना कंपनीच्या इंजिनिअरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मग खरी पंचाईत. जुना कंडेन्सर करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, तर त्याच 4.7 मायक्रोफॅरडचा नवा फिल्म कंडेन्सर भलताच लठ्ठ. बोर्डावर तो मावेना, मावला तर बोर्ड पेटीत जाईना. शेवटी नानांनी क्रॉसओव्हरच पेटीबाहेर काढला आणि त्याच्यासाठी सुताराकडून सागवानी खोकं करून घेतलं. ते आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतं. गणपतीत दर्शनाला आलेल्या एका आजींनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

किट बसलं, पण आवाज लगेच येत नाही. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की नवे भाग दोनशे तास वाजल्यावर "खुलतात". या खुलण्याची मुदत माल परत करण्याच्या मुदतीपेक्षा नेहमी थोडी जास्त कशी असते, हे कर्ज विभागातल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. पण नाना दोनशे तास निष्ठेनं स्पीकर वाजवत बसले. त्या काळात कुणी आवाजाला नावं ठेवली तर उत्तर तयार असे, "अजून खुलतोय." स्पीकर खुलतो की त्या दोनशे तासांत कान सरावतो, हा प्रश्न त्या घरात विचारायची सोय नव्हती.

नानांची आवाजाची भाषाही वेगळी. "धुकं गेलं." "गायक दोन पावलं पुढे आला." "दोन सुरांमधली शांतता आता जास्त शांत वाटते." भीमसेनांचं रेकॉर्डिंग लावून ते मला विचारतात, "तंबोऱ्याच्या तारेला बोट लागतंय, ऐकू आलं?" मी हो म्हणतो, कारण पोहे अजून यायचे असतात. तेवढ्यात नाना ते बंद करून 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं 1994 सालचं ध्वनिमुद्रण लावतात. जगातलं प्रत्येक स्पीकरचं दुकान गिऱ्हाइकाला जे ऐकवतं तेच. ढोलाचे ठोके वाजले की तेही बंद. मग तबल्याचा एक तुकडा, मग काचेचा ग्लास फुटल्याचा आवाज. नानांना शेकडो गाण्यांचं पहिलं मिनिट तोंडपाठ आहे. त्यातल्या एकाचाही अंतरा त्यांनी ऐकलेला नाही. गाणी अख्खी ऐकतात त्या काकू, स्वयंपाकघरात, फोडणीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलवर.

नानांचा भाचा इंजिनिअर. त्यानं एकदा वहीत हिशेब मांडून दाखवला. कंडेन्सरची किंमत दसपट झाली तरी मायक्रोफॅरड तेवढेच असतील, तर वाटणीची जागा तीच राहणार. बदलतो तो कंडेन्सरचा अंगचा विरोध, तोही ओहमच्या एखाद्या अंशानं, आणि समोर स्पीकर आठ ओहमचा. लोखंडी गाभ्याची कॉइल मोठ्या पॉवरला गडबडते हे खरं. पण नाना ऐकतात त्या आवाजाला एखाद-दुसरा वॉटसुद्धा पुष्कळ. "आणि मामा, तुमच्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत अंतर दहा फूट. त्यांच्यामध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमणारच. तो कुठल्याही कंडेन्सरनं जाणार नाही. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढा, समोर सतरंजी टाका." नानांनी वही मिटली. "हे फुकटातलं झालं," ते म्हणाले. फुकटातल्या सुधारणेचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. यामाहाचा एनएस-10 हा 1978 सालचा स्पीकर. त्याचा वरचा आवाज बोचतो म्हणून मोठमोठ्या स्टुडिओंतले ध्वनिमुद्रक ट्वीटरपुढे टिश्यू पेपर लावायचे. ही हकिकत ऐकून नाना दोन दिवस अस्वस्थ होते. जगप्रसिद्ध स्पीकर आणि अपग्रेड कागदाचं!

भाचा हट्टाला पेटला. नानांनी तोवर उजव्या पेटीतच किट बसवलं होतं, डावी जशीच्या तशी होती. पुढे चादर टांगली, दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक वेळी एकच वाजणार. नाणं उडवून भाचा ठरवणार कुठली, आणि नाना सांगणार किटवाली की बिनकिटाची. अशा चाचणीला मोठी परंपरा आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआडून स्पीकर ऐकवण्याची पद्धत रुजवली. पुढे अमेरिकेत हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत त्यांनी तेच स्पीकर त्याच लोकांना एकदा दाखवून आणि एकदा झाकून ऐकवले, आणि निष्कर्ष 1994 साली मांडले. पेटी डोळ्यांना दिसली की गुण बदलत होते. इतकंच काय, पेटीची जागा बदलल्यानं पडणारा खराखुरा फरकही डोळे उघडे असताना लोकांना कमी जाणवला. आपण ज्याला कान म्हणतो त्याचा बराच भाग डोळ्यांत आणि उरलेला पावतीत असतो.

नाना प्रत्येक वेळी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, ठाम आवाजात निकाल देत होते. "किटवाली. धुकं नाहीये." "ही जुनी. गायक मागे गेला." दहापैकी पाच बरोबर आले.

"म्हणजे अर्धे बरोबर," नाना म्हणाले.

"नाण्यालासुद्धा तेवढेच येतात," काकू आतून म्हणाल्या. "आणि ते एका रुपयाचं होतं."

यावर नानांचा खुलासा आला की चादरीमुळे वरचा आवाज दबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या पेटीसाठीही किट बसवायला घेतलं.

आता यावरून कुणाला वाटेल की नाना भाबडे आहेत. मुळीच नाहीत. दुसऱ्याच्या स्पीकरसमोर बसले की त्यांच्यातला कर्ज विभाग जागा होतो. तळमजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आजोबांचे जुने स्पीकर घेऊन आला. आवाज फाटत होता, आणि त्यानंही कुठलंसं किट मनात धरलं होतं. नानांनी जाळी काढली, वूफरच्या कडेचा फोम बोटानं दाबला. त्याचा चुरा झाला. "हा वीस वर्षांत असाच जातो, दमट हवेत त्याहून लवकर. याला अपग्रेड नाही, दुरुस्ती म्हणतात." मग आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मीटरवर तपासले. "हे वाळलेत. त्याच मूल्याचे साधे फिल्मचे टाकू. तपकीर गल्लीत मिळतील, काहीशे रुपयांत काम होतं."

"मग किट कधीच घ्यायचं नाही का, नाना?"

"घ्यायचं की. पण ज्यानं तुझ्याच मॉडेलचा स्पीकर माइक लावून मोजलाय, कुठे आवाज उसळतो, कुठे बसतो ते काढलंय आणि त्याप्रमाणे कंडेन्सर-कॉइलची मूल्यंच बदललीत, त्याचं. आधीचा आणि नंतरचा आलेख मागायचा. आलेख नाही, पैसे नाहीत. मूल्यं तीच ठेवून नुसते महाग भाग विकतो, तो आवाज विकत नाही. आणि किटची किंमत स्पीकरच्या निम्म्यावर गेली, तर तेवढे पैसे घालून मोठा स्पीकर घे. जुना विकायला काढशील तर गिऱ्हाईक मूळ भाग मागतं, किटचा एक रुपया देत नाही."

मी आणि काकू एकमेकांकडे बघत राहिलो. नवा फोम त्यांनी रविवारी बसवला. कोनच्या मधोमध कागदाच्या पट्ट्या खोचून कॉइल घासणार नाही अशी सरळ धरली, कडेनं गोंद लावला आणि तो वाळेपर्यंत कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी स्पीकर स्वच्छ वाजला. मुलानं पैसे विचारले तर नानांनी त्याला हाकललं. त्या मुलानं तिथेच जमिनीवर बसून एक अख्खं गाणं ऐकलं. नाना अंतऱ्याला जरा चुळबुळले.

तो गेल्यावर मी विचारलं, "नाना, त्याला इतका शहाणा सल्ला दिलात. मग तुमचे 32 हजार?"

"त्याला स्पीकर ऐकायचाय. मला उघडायचाय," नाना अजिबात न ओशाळता म्हणाले. "आणि वसुलीचं म्हणशील तर वर्षभर एक संध्याकाळ मी कट्ट्यावर गेलो नाही, कुठल्या कमिटीत गेलो नाही, घर सोडून कुठे हललो नाही. विचार तुझ्या काकूला, पैसे फिटले की नाही."

काकूंनी पोह्याची बशी माझ्यापुढे सरकवली. "फिटले ना," त्या म्हणाल्या. "आता यांना घराबाहेर काढायचं किट कुठे मिळत असेल तर सांग. आलेख नसला तरी चालेल."