उलट, सुलट आणि मोगरा

डोंबिवलीत वसंत येतो तो ढोल-ताशे वाजवत. 1999 पासून गुढीपाडव्याला इथे नववर्ष स्वागतयात्रा निघते, फडके रोडवर नऊवारी आणि फेटे अवतरतात. त्याच आठवड्यात पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलेल्या काकू पिशवीतून लोकरीचा गुंडा काढतात.

स्वेटर नातवासाठी, न्यू जर्सीला. ठाण्यापर्यंत दोन ओळी होतात. मुंब्र्याच्या आसपास कोणीतरी कोपर मारतं आणि सुलटच्या जागी उलट टाका पडतो. मग उसवा! नातू मात्र वाढायचा थांबत नाही. मागचा भाग सहा महिन्यांच्या मापाचा, बाह्या दीड वर्षाच्या.

घरी ग्रिलमध्ये मोगरा कळ्यांवर आलेला. उन्हाळ्यात कुंडीला दोन वेळा पाणी हवं. ते घातलं की खालच्या मजल्यावरच्या वाळत्या चादरीवर ठिबकतं, आणि बेल वाजते. भांडण मिटवायला काका उठत नाहीत. ते पंख्याखाली बसून विचारतात, "या उकाड्यात लोकर? आणि चहा?"

गुंडा सध्या कढीपत्त्याच्या कुंडीमागे सापडला आहे. सुई एकच.