‘शाळा’ पुन्हा वाचताना घ्यावयाची खबरदारी

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशनाने काढली. तेव्हा जे स्वतः नववी-दहावीच्या बाकांवर होते, त्यांची आता पस्तिशी उलटली आहे. केस मागे सरकले आहेत, घराचे हप्ते चालू आहेत आणि सुट्टीच्या दुपारी यातले बरेच जण गुपचूप तिच्या नायकाकडे, मुकुंद जोशीकडे परत जाताना दिसतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या या व्यवहाराला आजवर नियमावली नसावी, हे बरं नाही.

पहिला प्रश्न प्रतीचा. घरातली प्रत शोधण्यात वेळ दवडू नये, ती घरात नसते. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून ती कोणीतरी नेलेली असते आणि नेणाऱ्याकडूनही ती पुढे गेलेली असते. कपाटात एखादी सापडलीच, तर पहिल्या पानावरचं नाव पाहून घ्यावं. ते बहुधा दुसऱ्याच कोणाचं तरी असतं. सरळ नवी विकत घ्यावी.

नंतर सिनेमाचा बंदोबस्त. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ जानेवारी २०१२ मध्ये पडद्यावर आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट चांगलाच आहे, अडचण तीच आहे. तो पाहिल्यावर जोशी जिच्या प्रेमात आहे त्या शिरोडकरला केतकी माटेगावकरचा चेहरा मिळतो आणि मग तो काही केल्या जात नाही. त्याआधी प्रत्येक वाचकाची शिरोडकर वेगळी होती. आपापल्या वर्गातली, आपापल्या डाव्या रांगेतली. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही आणि त्याआधीचं ‘गमभन’ हे नाटकही चुकवलं, अशांनी आपलं भाग्य मिरवू नये. बाकीच्यांना त्रास होतो.

पुस्तक उघडल्यावर पहिली पन्नासेक पानं कोणताही धोका नाही. सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही जोशीची मित्रमंडळी जशीच्या तशी भेटतात, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत अड्डा भरतो, कोण कोणाला ‘लाइन’ देतं याचा हिशेब मांडला जातो. मुलींना आडनावाने हाक मारायची, तीही मनातल्या मनात. समोरासमोर बोलणं म्हणजे वर्गभर बोभाटा. तिला पाहायचं तर ती कोणत्या रस्त्याने, किती वाजता जाते हे पाठ असावं लागतं. अभ्यासातलं पाठ नसलं तरी चालतं. इथे वाचकाने मनसोक्त हसावं, कारण पुढे प्रकरण हाताबाहेर जातं.

धोका असा, की वाचक नकळत बाक बदलतो. पंधराव्या वर्षी वाचताना बेंद्रेबाई शत्रुपक्षात होत्या. चाळिशीच्या आसपास वाचताना अचानक लक्षात येतं की अशा साठ कार्ट्यांचा वर्ग सांभाळणारी बाई आणखी वागणार तरी कशी? जोशी आपल्या आईला ‘आईसाहेब’ आणि बहिणीला ‘अंबाबाई’ म्हणतो त्याची पूर्वी मजा वाटायची. आता वाटतं, दिवसभर राबणाऱ्या त्या आईसाहेबांची बाजू कोणी लिहिली असती तर? नरूमामा तर तेव्हा जगातला सर्वज्ञ वाटला होता. आता कळतं, तो जेमतेम कॉलेजातला पोरगा होता आणि त्यालाही फारसं काही ठाऊक नव्हतं.

हा पक्षबदल रोखण्याचा उपाय नाही. निदान तो मुलांसमोर करू नये. ज्याच्या घरी नववीतला मुलगा आहे, त्याने जोशीसाठी उसासे टाकत असतानाच शेजारच्या खोलीत जाऊन ‘कोणाशी चॅटिंग चाललंय?’ असं विचारणं शोभत नाही. जोशी करतो ते पहिलं प्रेम आणि आपले चिरंजीव करतात ते अभ्यासाकडे दुर्लक्ष, ही वर्गवारी मराठी घरांत सर्रास आढळते.

मुलीच्या आईबापांना वेगळीच ठेच लागते. शिरोडकरच्या वाटेवर घुटमळणं त्यांना तितकंसं गोड वाटत नाही. मुलीची इच्छा नसताना तिच्या मागे मागे फिरण्याला २०१३ पासून कायद्यातच गुन्हा म्हटलं आहे. अशा वाचकांनी पुस्तक मिटू नये. बोकीलही भाबडे नाहीत: केवडा या मुलीच्या बाबतीत सुऱ्या अंगावर येऊन विचारायला जातो ते प्रकरण त्याच्याच अंगाशी येतं, आणि जोशी मात्र सगळा वेळ चाचपडत, घाबरत राहतो. हा फरक पंधराव्या वर्षी ‘सुऱ्यात डेरिंग आहे’ एवढ्यावर संपला होता.

आणीबाणीची पानं तेव्हा भराभर उलटली होती, हे मान्य करून ती या वेळी सावकाश वाचावीत. आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ च्या रात्री आणि उठली २१ मार्च १९७७ ला. जोशीची नववी या काळातच सापडते. मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात आणि पोराच्या डोक्यात शिरोडकर आज वर्गात येईल का हा प्रश्न. देशाचा इतिहास चौदा वर्षांच्या मुलाला असाच, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. या कादंबरीचं खरं कसब इथे आहे, आणि ते दुसऱ्या वाचनाशिवाय हाती लागत नाही. हे पुस्तक मुलांविषयी आहे, पण मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही. ‘किशोर साहित्या’च्या फळीवर ते ठेवणाऱ्या ग्रंथपालांनी एकदा फेरविचार करावा.

शेवटाकडे शिरोडकर गाव सोडून जाते. हे आधीपासून माहीत असूनही शेवटची पानं वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. मधे चहा करावा. वाचून झाल्यावर तासभर तरी फोनला हात लावू नये. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या वर्गातली ती सध्या कुठे असते रे?’ असं विचारण्याचा मोह होतो. त्या ग्रुपवर ती स्वतः असते. बऱ्याचदा तिचा नवराही.

त्याऐवजी कागद घेऊन वयाचा हिशेब करावा. १९७५ मध्ये जोशी चौदाचा धरला, तर त्याचा जन्म १९६१ चा. पासष्ट पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक म्हणून त्याला एसटीत अर्धं तिकीट. शिरोडकरला तेवढंही थांबायची गरज नव्हती. महिलांना ती सवलत मार्च २०२३ पासूनच आहे.