गिऱ्हाईक पाहावं गाठून

घर बांधणं आणि लग्न करणं या दोन गोष्टींत माणसाची खरी परीक्षा होते, असं आपले पूर्वज मानत. पूर्वज सुखी होते. ‘काल एका रिक्षावाल्यानं मला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं’ अशी पोस्ट सकाळी साडेनऊला लिंक्डइनवर टाकायची आणि तिच्यातून लोगोचं एखादं काम निघतंय का याची संध्याकाळपर्यंत वाट पाहायची, ही तिसरी परीक्षा त्यांच्या काळी निघाली नव्हती.

ती आता निघाली आहे आणि तिला बसणाऱ्यांची संख्या वाढते आहे. हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी असते तोवर माणूस साधा ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ असतो. राजीनामा दिला की दुसऱ्या दिवशी तो ‘फाउंडर’ होतो. कंपनीत तो एकटाच. कचेरी म्हणजे आतल्या खोलीतलं टेबल, त्यातल्याही अर्ध्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा कब्जा. ‘आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल’ असा ईमेल तो लिहितो आणि पाच मिनिटांनी आवाज जरा जाड करून स्वतःच फोन लावतो. बाहेर आई शेजारणीला सांगत असते, “घरीच असतो हल्ली. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो.” वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘फ्रीलान्सर’ लिहिलं, तर मुलीकडचे ते ‘सध्या काही नाही’ असं वाचतात.

अशा माणसाला काम हवं असतं. काम मिळण्याआधी त्याला सल्ला मिळतो.

नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या गिग कामगारांचा, म्हणजे सुट्या कामांवर पोट असणाऱ्यांचा अंदाज दिला आहे: २०२०-२१ साली ७७ लाख, २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख. त्यात जेवणाचे डबे पोचवणाऱ्यापासून संगणकावर डिझाइन करणाऱ्यापर्यंत सगळे आले. हा आकडा वाचून फ्रीलान्सरच्या पोटात गोळा येतो: एवढे स्पर्धक! ‘क्लायंट कसे मिळवावेत’ हे शिकवणाऱ्या कोचच्या मात्र तोंडाला पाणी सुटतं: एवढे विद्यार्थी!

कोचचं वेबिनार ९९ रुपयांचं असतं. पहिल्या तासात तो आपल्या गरिबीची कहाणी सांगतो. दुसऱ्या तासात बँक खात्याचे स्क्रीनशॉट दाखवतो, आकडे ठळक आणि तारखा पुसट. तिसऱ्या तासात खरा कोर्स बाहेर येतो. त्याची मूळ किंमत ऐकून श्रोते खुर्चीत सावरून बसतात. मग ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ ती इतकी खाली येते की न घेणं हाच तोटा वाटू लागतो. कोर्समध्ये काय शिकवतात? स्वतःचा ब्रँड बनवा. रोज पोस्ट करा. आपली एक खास शाखा निवडा. आपल्या मोलाइतके पैसे मागा. ज्यानं हे सांगितलं, त्याचे स्वतःचे क्लायंट कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे समोरच बसलेले असतात. गिऱ्हाईक शोधायला निघालेला माणूस सगळ्यांत आधी स्वतःच गिऱ्हाईक होऊन परततो.

मग ब्रँड बनतो. कालपर्यंत जो पत्रिका आणि बिलबुकं लावायचा, तो ‘व्हिज्युअल स्टोरीटेलर’ होतो. भाषांतर करणारी ‘लोकलायझेशन स्ट्रॅटेजिस्ट’ होते. रोज पोस्ट पडते, तिला चाळीस लाइक येतात. चाळीसही जण फ्रीलान्सर असतात आणि चाळिसांनाही काम हवं असतं. ‘खूप सुंदर विचार, सर’ असं ते एकमेकांना लिहितात. ज्या कारखानदाराला खरोखर कॅटलॉग करून हवा असतो, तो त्या वेळी चाकणला मशीन बंद का पडलं ते बघत असतो. त्याचं लिंक्डइन खातं मुलानं उघडून दिलं होतं, पासवर्ड मुलाकडेच आहे.

इथं डाळ शिजेना म्हणून आपला फाउंडर सातासमुद्रापार जातो, अर्थात टेबलावरून न उठता. अपवर्क या संकेतस्थळावर कामासाठी अर्ज करायचा तर ‘कनेक्ट्स’ लागतात आणि पुरेसे नसले की ते विकत घ्यावे लागतात. म्हणजे नोकरीच्या अर्जावर तिकीट लावायची जुनी पद्धत अमेरिकेतही पोचली. एका छोट्या कामावर धुळे, ढाका आणि मनिला इथून पन्नास अर्ज पडतात. फायवर हे संकेतस्थळ २०१० साली पाच डॉलरला एक काम या दरानं सुरू झालं आणि नावातही त्यानं तो दर ठेवला. काम करणाऱ्याच्या कमाईतले २० टक्के ते कापून घेतं. आपल्याकडे दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यालाच प्लॅटफॉर्म म्हटलं की प्रोफाइलवर अभिमानानं बिल्ला लावतात.

थकून तो मायदेशी, म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. इथं कामाला तोटा नाही. गणपती मंडळाचा बॅनर, कुणाच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका, अध्यक्षांच्या साठीचा व्हिडिओ. तोटा असतो तो फक्त त्याच्या पदरी.

या देशी गिऱ्हाइकांच्या काही जाती आहेत. पहिली ‘आपलंच काम आहे’ जात. काम आपलं असलं की पैशाचा विषय काढणं हा संस्कारांचा अभाव ठरतो. दुसरी ‘एक्स्पोजर’वाली. हे लोक पैशाऐवजी प्रसिद्धी देतात. वाणी, महावितरण आणि घरमालक ती अजून स्वीकारत नाहीत, हा त्यांचा मागासलेपणा. तिसरी ‘आधी सॅम्पल दाखवा’वाली. सॅम्पल पाचजणांकडून मागवायचं, पाचही फुकट वापरायची आणि ‘आमचं बजेट बदललं’ असं कळवायचं. चौथी जात सांस्कृतिक संस्थांची. तिथं शाल मिळते, नारळ मिळतो, ‘अल्पसं मानधन’ असं पुटपुटत एक बंद पाकीटही मिळतं, आणि पाकीट घरी जाऊनच उघडायचं असतं, म्हणजे सभ्यता टिकते. पाचवी निवडणुकीपुरती जन्माला येते. उमेदवाराला रात्री अडीचला रील हवं असतं. तो पडला तर बिल कशाला द्यायचं, आणि निवडून आला तर बिलासाठी भेटायचं कुणाला, असे दोन प्रश्न उरतात.

भाव ठरवण्याचा प्रसंग तर फराळासारखा घरोघरी सारखाच असतो. दुकानाचा लोगो हवा असलेले एक गृहस्थ विचारतात:

“किती घ्याल?”

“आठ हजार.”

“आठ? अहो, माझ्या मेहुण्याचा मुलगा फुकटात करून देतो.”

“मग त्याच्याकडूनच घ्या ना करून.”

“त्याला येत नाही हो.”

आता मेहुण्याच्या मुलाला एआयचीही जोड मिळाली आहे. गृहस्थ मशीननं काढलेला लोगो पाठवतात. त्यात दुकानाच्या नावाची वेलांटी उलटी, गणपतीच्या हाताला सहा बोटं. “एवढंच जरा ठीक करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.” पाच मिनिटांचं काम तीन दिवस चालतं, फाइलीचं नाव ‘फायनल’पासून ‘फायनल_आता_खरंच_४’पर्यंत जातं आणि शेवटी पहिलीच पसंत पडते.

यावर कोच म्हणतात की मराठी माणसाला मार्केटिंग येत नाही. हे वाक्य मराठी माणसाला इतकं आवडतं की त्यासाठी तो ९९ रुपये द्यायला तयार होतो. इतिहास मात्र जरा वेगळा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केले तेव्हा ते खपेनात. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची खबरबात सांगणारं ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्रानं घरोघरी वाचलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आज याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे वर्ग भरतात.

दादासाहेब फाळके तर अस्सल फ्रीलान्सर. ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप उगवताना त्याचं दिवसेंदिवस चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. तो पाहून सावकाराची खात्री पटली. पोर्टफोलिओ म्हणतात तो हा. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. चित्रपट १९१३ मध्ये गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे जाहिरातही केली ती अशी: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. लांबीवर माल विकायची ही अक्कल कुठल्याही वेबिनारमध्ये मिळाली नसती. आजचा कोच त्यांना भेटला असता तर म्हणाला असता, “सर, एका वाटाण्यावर एवढे दिवस घालवू नका. रोज तीन रील टाका. आणि पौराणिक, छपाई, जादूचे प्रयोग असं सगळंच नको. एक काहीतरी धरा.”

या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. आधी नांगर होता, मग खबर निघाली. आधी रोप उगवलं, मग सावकार आला. आता क्रम उलटला आहे. आधी ब्रँड, मग प्रोफाइल, मग पोस्ट, आणि नांगर जमलंच तर पुढच्या तिमाहीत.

एवढं करून काम मिळालं, झालं, पोचलं, आवडलंही. मग खरा खेळ सुरू होतो. बिल पाठवलं की कंपनीतला अकाउंटंट आजारी पडतो. तो बरा होतो तेव्हा साहेब दौऱ्यावर असतात. साहेब येतात तेव्हा बिलावर पीओ नंबर नाही असा शोध लागतो. तातडी फक्त एकाच बाबतीत दिसते: दहा टक्के टीडीएस बिनचूक कापला जातो. सरकारचा वाटा कापायला विसरणारा अकाउंटंट अजून जन्माला यायचा आहे.

गंमत म्हणजे यावर उतारा कायद्यात आहे आणि कुठल्याही ९९ रुपयांच्या वेबिनारमध्ये तो सांगत नाहीत, कारण तो फुकट आहे. ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनाशुल्क होते. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकतो. एमएसएमई कायदा २००६चा आहे. तो सांगतो की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही मेख मारली गेली: अशी थकबाकी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत कंपनीला ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. यावर काही कंपन्यांनी काय केलं? थकलेले पैसे देण्यापेक्षा नोंदणी नसलेला माणूस शोधणं त्यांना सोयीचं वाटलं. नोंदणी न केलेले फाउंडर तेव्हा नेतृत्वाबद्दल पोस्ट लिहीत होते.

कीर्तनकाराला हे सगळं कधीच कळलेलं आहे. आरतीचं ताट श्रोते उठायच्या आत फिरतं. मंडळी चपला घालून रस्त्याला लागल्यावर त्यांच्यामागे ताट घेऊन धावणारा बुवा कुणी पाहिलेला नाही.

तेव्हा तमाम फाउंडर मंडळींनो, उद्या सकाळची पोस्ट एक दिवस राहू द्या. ज्या तीन जुन्या गिऱ्हाइकांनी वेळेवर पैसे दिले होते, त्यांना फोन करा आणि विचारा की सध्या काही काम आहे का, नाहीतर ओळखीत कुणाकडे आहे का. काम असंच मिळतं. ते सांगण्यात कोर्स निघत नाही म्हणून कुणी सांगत नाही. काय करणार, किती वेळा बदलणार आणि किती घेणार हे ईमेलवर लिहा, निम्मे पैसे आगाऊ मागा. आगाऊ म्हटल्यावर जो पळून जाईल, तो नंतरही पळूनच जाणार होता. तुमचे फक्त कष्ट वाचले.

आणि हे सदर वाचणाऱ्यांत गिऱ्हाईकंही असतील. दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्याकडून ब्रोशर करून घेतलंत, त्यांना काल ‘तुमच्यासारखी टॅलेंटेड माणसं हवीत’ असं तुम्ही लिहिलंत. फार छान लिहिलंत. आता बिल भरा.