रामघाटचा चाकूधारी

चाकूधारी हा काशीतल्या रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यातील जुन्या मराठी वस्तीत आढळणारा गृहस्थ होय. वय पन्नाशीच्या पुढे, स्वभाव निरुपद्रवी, चाल किंचित डावीकडे कललेली. हा कल कण्याचा दोष नसून सदऱ्याच्या डाव्या खिशाचा आहे. त्या खिशात घडीचा चाकू असतो, आणि तो मध्यम आकाराचा असतो. त्याहून लहान किंवा मोठा चाकू बाळगणारे लोक चाकूधाऱ्याच्या मते हौशी होत.

घरात त्याच्या चाकूला काम नसते. मराठी स्वयंपाकघर पिढ्यान्‌पिढ्या विळीवर चालत आले आहे. भाजीला विळी, नारळाला कोयता, सुपारीला अडकित्ता आणि दुधाच्या पिशवीला कात्री अशी खाती आधीच वाटली गेली आहेत. ज्येष्ठात लंगडा आंबा घरात आला की चाकूधारी एकदा प्रयत्न करून पाहतो. ‘आधी धुवा तो, कुठं कुठं फिरून आलाय,’ असे उत्तर मिळते आणि आंबा विळीवर जातो. म्हणून त्याचे कार्यक्षेत्र उंबऱ्याबाहेर, गल्लीत आणि घाटाच्या पायऱ्यांवर. तिथे कधी ना कधी कोणीतरी विचारतेच, ‘चाकू आहे का हो कुणाकडे?’ किंवा बनारसी थाटात, ‘का गुरू, चक्कू हौ?’ या एका प्रश्नासाठी तो खिसा सांभाळतो. चाकू निवडण्याचे त्याचे सगळे निकष शास्त्रीय दिसतात. खरे पाहता ते मागणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून बनलेले असतात.

पहिला निकष लांबीचा. पाते चार बोटे, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर. फार तर त्यावर एक सेंटिमीटर. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा, मिटल्यावर 58 मिलिमीटर भरणारा स्विस चाकू सुबक असतो, पण तो पुढे केला की मागणारा ‘एवढाच?’ म्हणतो आणि दातांनी सुतळी तोडतो. हा अपमान चाकूधारी विसरत नाही. दुसऱ्या टोकाला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्याच रामपूरचा हा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने इतका बदनाम केला, की तो उघडताच सुतळी बाजूला राहते आणि मागणारा दोन पायऱ्या मागे सरकतो. ‘वक्त’मध्ये (1965) राजकुमारने चाकूवरून सुनावलेला संवाद मागणाऱ्यालाही पाठ असतो. साडेचार इंचांहून लांब पात्याच्या रामपुरीवर 1990 च्या दशकात राज्य सरकारने बंदी घातली. पुढे 2023 साली रामपूरमध्येच चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. तो मध्यम आकारात बसत नाही, एवढेच चाकूधारी त्यावर नोंदवतो.

कायद्याचे कलम त्याला संध्येच्या आधी आठवते. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. चार बोटांच्या पात्याला यातले काहीच लागू नाही. तरीही चौकातल्या हवालदाराला तो हे न विचारता समजावून सांगतो. त्याची झडती कधी झाली असेल तर ती या समजावण्यामुळे.

दुसरा निकष अडसराचा. साध्या घडीच्या चाकूचे पाते पाठीच्या पोलादी पट्टीच्या ताणावर उघडे राहते. उलट दिशेने जोर पडला की मिटते, आणि मिटताना मधे जे येईल ते कापते. सहसा मधे तर्जनी येते. अनुभवी चाकूधाऱ्याच्या उजव्या तर्जनीवर एक बारीक पांढरी रेघ असते. ती अडसर नसलेल्या काळातली. ती दाखवून तो नवख्यांना पाठीचा अडसर, मुठीच्या आतल्या पत्र्याचा अडसर आणि फिरत्या कड्याचा अडसर यांतला भेद सांगतो. कड्याचा अडसर फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतातल्या ओपिनेल चाकूचा. जोसेफ ओपिनेल याने तो चाकू 1890 मध्ये बनवला आणि कडे 1955 मध्ये आले. त्याच्या आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कागदावर रामघाटासाठी हा आदर्श चाकू होय.

कागद मात्र श्रावणात भिजतो. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. गंगेला पूर येऊन घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, गल्लीतल्या भिंतींना ओल आली, की लाकूड फुगते आणि पाते मुठीत घट्ट बसते. सव्हॉयमधले लोक अशा वेळी मुठीचे टोक टेबलावर ठोकून पाते मोकळे करतात. रामघाटी चाकूधारी ते देवळाच्या ओट्यावर ठोकतो. तोवर मागणाऱ्याने सुतळी दातांनी तोडलेली असते. या दुःखातून काही जण प्लास्टिकच्या मुठीकडे वळतात, काही तूप लावून पाहतात.

पोलादाच्या निकषावर चाकूधाऱ्यांत दोन तट आहेत. साध्या कार्बन पोलादाला धार सहज लागते, पण त्यावर गंज चढतो. साधारण तेरा टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद पावसाळ्यात निभावते, पण दगडावर धार लावताना अंत पाहते. हा वाद लग्नसराईत निकालात निघतो. ज्या घरांत हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार देऊन तिच्या टोकाला लिंबू खोचायची पद्धत आहे, तिथे ऐन वेळी कट्यार सापडत नाही आणि चाकूधाऱ्याला बोलावणे येते. त्याच्या आयुष्यातला हा सर्वोच्च मान. दुसऱ्या दिवशी चाकू परत येतो तेव्हा लिंबाच्या आम्लाने कार्बन पोलादाचे टोक काळे पडलेले असते. त्यानंतरचा चाकू बहुधा न गंजणारा घेतला जातो.

एक उपजात बहुअवजारी चाकू बाळगते. कार्ल एल्सनर या स्विस कारागिराने 1897 मध्ये नोंदवलेल्या अधिकारी-चाकूची ही वंशावळ. आज त्याचा मध्यम मानला जाणारा अवतार मिटल्यावर 91 मिलिमीटरचा. त्यातला बुचाचा पेच रामघाटावरच्या वैदिक घरांत कशासाठी, हा प्रश्न घरचे लोक थोड्या संशयाने विचारतात. ओल्या दोरीची गाठ सोडवायला, असे उत्तर तयार असते आणि ते खरेही आहे. नावाड्यांनी ते मान्य केले आहे. मात्र सगळ्यांत जास्त वापर होतो तो मुठीत खोचलेल्या दातकोरणीचा. बनारसी पानातली सुपारी दाढेत अडकली की बाकीची अवजारे निरर्थक ठरतात. दातकोरणी उसनी मागायला अर्थात कोणी येत नाही, त्यामुळे शुद्ध पंथाचे चाकूधारी या उपजातीला आपल्यात धरत नाहीत.

उसने देण्याचे नियम कडक आहेत. चाकू हातात दिला तर भांडण होते, म्हणून तो मिटून पायरीवर ठेवायचा आणि मागणाऱ्याने उचलायचा. काम चालू असताना चाकूधारी दोन हातांच्या अंतरावर उभा राहतो आणि नजर पात्यावरून हलवत नाही. यजमानांच्या बोचक्याची शिवण, केळीचे पान, अमरूद, पतंगाचा गुंतलेला दोर ही मान्य कामे. सीलबंद गंगाजळाचा गडू टोकाने उचकटणे हे महापाप, कारण टोक तुटते. हे पाप रामघाटावर वारंवार होते. तुटलेल्या टोकाचा चाकू बाळगणारा दुसरा चाकू घेतो, पण पहिला टाकत नाही. ग्रहणात कापाकापी वर्ज्य असल्याने स्नानाची गर्दी घाटावर लोटते त्याच वेळी चाकू उशाखाली असतो. तिथे तो एरवीही अधूनमधून जातो, कारण झोपेत दचकणाऱ्या नातवंडांच्या उशाखाली लोखंड ठेवायचे असते. घरातल्या मंडळींनी या चाकूला दिलेले हे एकमेव काम आहे आणि त्यासाठी धार लागत नाही.

विश्वनाथाच्या दर्शनाची अडचण वेगळी. तिथे मोबाइलसोबत चाकूही बाहेर ठेवावा लागतो, आणि तो परत मिळेपर्यंत चाकूधाऱ्याचे लक्ष देवापेक्षा कुलपाच्या क्रमांकावर असते. चाकू खिशात ठेवून ज्याचे दर्शन होते त्या बिंदुमाधवावरची त्याची भक्ती त्यामुळे वाढलेली दिसते. विमानप्रवास तो टाळतो. चाकू जमा करायच्या सामानात टाकला तर चालतो, पण मग बाबतपूरच्या विमानतळापासून मुंबईपर्यंत खिसा रिकामा जातो.

धार लावण्याची घाटावर मोठी भूल पडते. पायऱ्या चुनारच्या वाळूच्या दगडाच्या. बसल्या जागी निसणा. पण तो दगड खुरप्याला ठीक. खिशातल्या पात्याला भरड पडतो आणि धारेला दाते पडतात. जाणता चाकूधारी चिनी मातीच्या कपाच्या बुडाचे खरखरीत कडे वापरतो, पाते सुमारे वीस अंशांत धरून, दोन्ही बाजू आलटून पालटून. यासाठी घरातले दोन कप त्याने कायमचे अडवलेले असतात. धार लागली की ती मनगटावरचे केस काढून तपासली जाते. शेजारी मनगट पाहून महिना ओळखतात, असे नाही. पण धार लावून किती दिवस झाले ते ओळखतात.

असा चाकू दहा-पंधरा वर्षे टिकतो. त्यानंतर तो गंगेत पडतो, लग्नघरी राहतो किंवा महानगरी एक्सप्रेसने पुण्यामुंबईकडच्या भाच्याला भेट म्हणून जातो. भाचा त्यावर कुरियरची खोकी उघडतो आणि काम झाल्यावर तो घरातल्या पेनांच्या डब्यात टाकतो. चाकूधारी फोनवर धार कशी आहे ते विचारतो, भाचा ‘मस्त आहे मामा’ म्हणतो, आणि इकडे चौकाच्या बाजारात नव्या चाकूची लांबी चार बोटांनी मोजली जात असते.