लॅटिन मिस्सेला काय घालावं: नवशिक्यांसाठी

अमेरिकेतल्या एखाद्या गावात तुम्ही नुकतेच कॅथलिकांच्या जुन्या वळणाच्या लॅटिन मिस्सेला जाऊ लागला असाल, तर लॅटिनचं टेन्शन घेऊ नका. पुस्तकात शेजारच्याच रकान्यात इंग्रजी छापलेलं असतं. खरी परीक्षा कपड्यांची.

पुरुषांचा अभ्यासक्रम आधी उरकून टाकू. टोपी काढा. झालं. कोट-टाय असेल तर उत्तम, नाहीतर इस्त्रीचा शर्टही खपून जातो. कडेवर तान्हं पोर असेल, तर खांद्यावरच्या दुधाच्या डागाकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आता बायका. बसून घ्या, वेळ लागणार आहे.

आधी डोकं. 1917 च्या चर्च-कायद्यातलं कलम 1262 म्हणतं, देवळात पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, बायकांनी झाकावं. 1983 च्या नव्या कायद्यात ते कलमच नाही. म्हणजे सक्ती गेली, आणि तिच्या जागी हौस आली. लेसची मँटिला घ्यायची. रूढी अशी की लग्न झालेलीने काळी, न झालेलीने पांढरी. विसराळू बायकांसाठी काही ठिकाणी दाराशी टोपलीत मँटिला ठेवलेल्या असतात, पण त्यातली उचललीत की तुम्ही नवख्या आहात हे मागच्या बाकापर्यंत पोचतं. नुकत्याच धुतलेल्या केसांवर लेस टिकत नाही. आतून छोटा कंगवा शिवून घ्या, वर दोन पिना लावा. कारण कठड्याशी गुडघे टेकून, डोळे मिटून, जीभ पुढे करून तुम्ही प्रसादाची वाट बघत असता, नेमकी तेव्हाच ती मागे घसरू लागते, आणि कडेवरचं पोर तिला हातभार लावतं. हे फारच अवघड वाटलं तर 1950 च्या दशकातल्या अमेरिकन आज्या आठवा: रुमाल विसरला की त्या डोक्यावर टिश्यू पेपर ठेवून त्याला पीन टोचत.

मग गळा. पोप अकराव्या पायसच्या काळातला म्हणून एक नियम या मंडळींत फिरतो: गळ्याच्या खळगीखाली दोन बोटांपेक्षा जास्त खोल नको, बाही कोपरापर्यंत, घेर गुडघ्याच्या खाली. बोटं कोणाची, ते नियमात नाही. पातळ बोटांची मैत्रीण सोबत नेऊ नका.

(आपल्याकडच्या वाचकांनी हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की गोव्यात इन्क्विझिशनने 1736 मध्ये बाटलेल्यांना धोतर आणि चोळी घालायचीच बंदी केली होती. तिथे अंग किती झाकलं याची चौकशी नव्हती, कपडा हिंदू वळणाचा आहे का, एवढंच बघायचं होतं. वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या आज्या मात्र लाल लुगडं नेसूनच मिस्सेला जात राहिल्या. त्यांचं डोकं झाकायला पदर होताच.)

आठवड्याच्या बाकी दिवसांसाठी घोट्यापर्यंतचा डेनिमचा स्कर्ट आणि बूट. हा या मंडळींचा अघोषित गणवेश आहे. सायकल, बागकाम, पोरांमागे धावणं, सगळं त्यातच. शिडी चढायची असेल तर आतून लेगिंग घाला.

पँट घालायची का, हा प्रश्न चहाच्या वेळी विचारू नका. चहा गार होईल. जेनोव्हाचे कार्डिनल सीरी यांनी 1960 मध्ये बायकांनी पँट घालण्याविरुद्ध पत्रक काढलं. पँट त्या वेळच्या स्कर्टपेक्षा अंग जास्तच झाकते, हे त्यांनी त्यातच कबूल केलं होतं. त्यांची मुख्य तक्रार होती ती पुरुषी पेहरावाने बाईच्या मनावर होणाऱ्या परिणामाची. तुम्हाला पळवाट हवी असेल तर मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसकडे आहे: शत्रूपासून लपायचं असेल किंवा अंगावर घालायला दुसरं काहीच नसेल, तर बाईने पुरुषाचे कपडे घालण्यात पाप नाही. शत्रू अमेरिकन उपनगरात सहसा मिळत नाही. राहिलं दुसरं कारण. त्यासाठी आधी कपाटातले ते सात डेनिमचे स्कर्ट कुठेतरी हलवावे लागतील.