पोटात सेक्टर नसतात

चंडीगढ आखताना ल कॉर्ब्युझिएनं सगळ्याची जागा ठरवून दिली. बाजार सेक्टर १७ मध्ये, आणि पुढं पीजीआय रुग्णालय उभं राहिलं ते सेक्टर १२ मध्ये. सतराच्या चौकात तर गाडीलाही मज्जाव, हिंडायचं ते पायी. असल्या शिस्तीच्या शहरातला माणूसही सिप्रोफ्लॉक्सॅसिन, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची गोळी एकाच घोटात उरकतो. वर लस्सी!

पुणेकरांनी हसू नये. ‘गोळी उष्ण पडते’ म्हणून आपण तीच सिप्रो दुधाबरोबर घेतो.

सिप्रो, लिव्होफ्लॉक्सॅसिन, डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविक मंडळींना धातू दिसला की राहवत नाही. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, कुणीही चालतं. (शेवटचे दोघे अँटासिडच्या बाटलीत असतात.) एकदा चिकटले की रक्तात शिरायचं राहून जातं आणि जोडी थेट संडासात पोचते. लोहाबरोबर घेतलेली सिप्रो निम्म्याहून जास्त वाया जाऊ शकते, नुसत्या दुधानंही साधारण तिसरा हिस्सा. मग ताप हटत नाही, डॉक्टर बदलतो, गोळी आणखी जहाल होते. ‘हल्लीच्या औषधांत दम नाही’ असं आपण सगळ्यांना सांगत सुटतो. अर्धवट डोसावर जंतू तेवढे निर्ढावतात.

करोनात डॉक्सी आणि झिंक (म्हणजे जस्तच) देशभर एकाच चिठ्ठीवर नांदत होते. मे २०२१ अखेर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सौम्य रुग्णांच्या उपचारांतून दोन्ही वगळली. तोवर दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर ठेवायचं, हे किती चिठ्ठ्यांवर लिहिलेलं तुम्ही पाहिलंत?

खेड्यातली आशाताई मात्र गरोदर बाईला बजावते : लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. तिला तसं शिकवलेलंच असतं. एसी दवाखान्यात ‘१-०-१’ लिहिलं की विषय मिटला.

तेव्हा सिप्रो घ्यायची ती कॅल्शियम-लोहाच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. लिव्होफ्लॉक्सॅसिनला आधी-नंतर दोन-दोन तास पुरतात. एवढं घड्याळ सांभाळवत नसेल, तर कोर्स संपेपर्यंत ताकदीच्या गोळ्या थांबवू का, हे डॉक्टरांना विचारा. पाच दिवसांत हाडं ठिसूळ होत नाहीत.