बंडीतले बंडखोर

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात मोटरसायकलवाल्यांसाठीचा लेखी कायदा फार आटोपशीर आहे. वयाची अठरा वर्षं पूर्ण असतील तर हेल्मेट घाला नाहीतर घालू नका, सरकारला सोयरसुतक नाही. डोळ्यांना गॉगल किंवा गाडीला पुढे काच असली की झालं. हे ऐकून कुणालाही वाटेल की इथे आलेला माणूस सुटला. पण त्याच राज्यातल्या स्टर्जिस गावात ऑगस्ट महिन्यात पाऊल ठेवलं की कळतं, सरकारने जेवढे नियम लिहिले नाहीत तेवढे या मंडळींनी आपापसांत न लिहिताच करून ठेवले आहेत.

स्टर्जिसची वस्ती जेमतेम सात हजार. वर्षातून दहा दिवस तिथे पाच-पाच लाख मोटरसायकलवाले उतरतात. 1938 मध्ये गावातल्या ‘जॅकपाइन जिप्सीज’ या क्लबने शर्यती भरवल्या आणि त्यातून हा मेळा सुरू झाला. पुढाकार पॅपी होएल नावाच्या गृहस्थांचा. त्यांचं दुकान होतं ‘इंडियन’ कंपनीच्या मोटरसायकलींचं. म्हणजे आज जिथे हार्ले-डेव्हिडसनचा जयघोष चालतो, त्या जत्रेची मुहूर्तमेढ हार्लेच्या भाऊबंदाने रोवली.

आम्हाला तिथे नेलं आमच्या साडूभाऊंनी. ते मिनियापोलिसला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पन्नाशीत गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी हार्ले घेतली. ते गाडीवर पुढे, आणि मागे व्हॅनमध्ये मेहुणी, मी, चिवड्याचे डबे आणि त्यांचे वडील आबा. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पृथ्वीवरचं कुठलंही इंजिन त्यांना सुट्या भागांतच दिसतं.

पहिला नियम हमरस्त्यावरच भेटला. समोरून मोटरसायकलवाला आला की डावा हात खाली सोडायचा आणि दोन बोटं रस्त्याकडे करायची. उजवा हात अॅक्सिलरेटरवर, म्हणून डावा. तुझी दोन्ही चाकं रस्त्यावर राहोत, असा त्याचा आशीर्वादपर अर्थ सांगतात. साडूभाऊ ही बोटं इतक्या तन्मयतेने सोडत होते की शेवटी शेवटी त्यांचा हात वर यायलाच तयार होईना. व्हॅनमधून आबाही प्रत्येकाला नमस्कार करत होते. चार चाकांतून केलेला नमस्कार चालत नाही, असं मुलाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, समोरचा घेतोय ना? मग तू का मध्ये पडतोस?”

दुसरा नियम ट्रेलरचा. हजार-दोन हजार किलोमीटर गाडी चालवत येणं हा मान. गाडी ट्रेलरवर चढवून, स्वतः एसीत बसून येणं ही नामुष्की. ‘मी माझी चालवत आणली’ अशा अर्थाचे टी-शर्ट गावात विकायला असतात. ते ट्रेलरवाल्यांनीही घेतलेले दिसतात. दाढ्या पांढऱ्या झाल्या, पाठीचे मणके बोलू लागले की नियमातून अशा पळवाटा निघतात.

स्टर्जिसच्या मेन स्ट्रीटवर त्या दिवसांत फक्त मोटरसायकली. मागचं चाक फुटपाथला टेकवून, पुढचं तोंड रस्त्याकडे, अशी शिस्तीत रांग. उन्हाने डांबर मऊ होतं आणि तीन-चारशे किलोची गाडी साइड स्टँडवरून कलंडू शकते, म्हणून स्टँडखाली चपटा केलेला बिअरचा कॅन किंवा पत्र्याची चकती. आबांना हे फार आवडलं. “डोकं आहे माणसांना,” त्यांनी प्रमाणपत्र दिलं.

इथे तिसरा आणि सर्वांत कडक नियम लागू होतो: दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. बसून फोटो तर लांबच राहिला. साडूभाऊंनी हे आबांना अकरा वेळा बजावलं असेल, आणि बाराव्यांदा मागे वळून पाहिलं तर आबा गायब. ते एका जुन्या शोव्हलहेड इंजिनच्या हार्लेसमोर उकिडवे बसले होते. हात मात्र पाठीमागे घट्ट बांधलेले. नजर इंजिनखाली. एवढ्यात गाडीचा मालक आला. दंड माझ्या मांडीएवढे, दाढी छातीपर्यंत. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. आबांनी मान वर केली आणि शांतपणे मराठीत सांगितलं, “ऑइल गळतंय. पुशरॉडच्या खालचं सील बघा.” साडूभाऊंनी घाबरत भाषांतर केलं. तो माणूस क्षणभर बघत राहिला, मग रस्त्यातच मांडी घालून आबांशेजारी बसला, खिशातलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं आणि इंजिनकडे बोट दाखवून म्हणाला, बघा. पुढचा अर्धा तास दोघे एकमेकांची भाषा न कळता गळतीवर बोलत होते. नियम गाडीच्या पत्र्यासाठी नसून मालकाच्या मानासाठी आहे, हे साडूभाऊंच्या आधी त्यांच्या वडिलांना समजलं.

पण खरा धर्मग्रंथ असतो तो या मंडळींच्या पाठीवर. लेदरची किंवा डेनिमची बिनबाह्यांची बंडी आणि तिच्यावर शिवलेल्या पट्ट्या. साडूभाऊंच्या बंडीवर हार्ले कंपनीने 1983 साली काढलेल्या मालक संघाचं एकसंध गरुडचिन्ह आहे. ते पैसे भरून मिळतं आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. अस्सल क्लबच्या पाठीवर मात्र तीन तुकडे असतात: वर कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली कमानीत मुलूख. हा तीन तुकड्यांचा संच दुकानात मिळत नाही. तो मिळवण्यासाठी आधी उमेदवारी करावी लागते. उमेदवाराने महिनोन्‌महिने सभासदांच्या गाड्या राखायच्या, बिअर आणून द्यायची, रात्री-अपरात्री बोलावलं की हजर व्हायचं आणि ‘का?’ विचारायचं नाही. शेवटी मतदान, आणि पुष्कळ क्लबांत एक जरी मत विरुद्ध गेलं तरी पट्टी नाही. शिवाय ती पट्टी मालकीची होत नाही. क्लब सोडला की उसवून परत करायची. एका बारबाहेर असा एक उमेदवार भर उन्हात गाड्यांची रांग राखत ताठ उभा होता. आबा म्हणाले, “पाहुणे, आम्हीपण डेपोत पहिली दोन वर्षं नुसते पानेच पुसले.”

काहींच्या बंडीवर ‘१%’ लिहिलेला चौकटच्या आकाराचा तुकडा असतो. त्याची कथा 1947 सालची. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात चार जुलैच्या सुट्टीत हजारो मोटरसायकलवाले जमले आणि दंगामस्ती झाली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने बाटल्यांच्या ढिगाऱ्यात हार्लेवर रेललेल्या एका माणसाचा फोटो छापला. तो फोटो मुद्दाम मांडून काढला होता की काय, यावर आजही वाद आहे. मग अमेरिकन मोटरसायकल असोसिएशन म्हणे असं बोलली की नव्याण्णव टक्के चालक कायदा पाळणारे आहेत. आपण असं बोलल्याची नोंदच नाही, असं ती संस्था सांगते. पण उरलेला एक टक्का आम्हीच, असं म्हणत काही क्लबांनी ते कपड्यावर शिवूनही टाकलं. 1953 मध्ये त्या घटनेवरून ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला. त्यात अमेरिकन बंडखोरीचं प्रतीक ठरलेला मार्लन ब्रँडो बसलाय ब्रिटिश ट्रायम्फवर. स्टर्जिसमध्ये हे मोठ्याने बोलू नये.

पट्टीचं हे वेड नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही. 2015 च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या वेको शहरात बॅंडिडोज आणि कोसॅक्स या क्लबांत चकमक झाली आणि नऊ माणसं मेली. भांडणाच्या मुळाशी एक कारण होतं पाठीवरच्या खालच्या कमानीत ‘टेक्सास’ कुणी लिहायचं हे. म्हणून स्टर्जिसच्या काही बारच्या दारावर क्लबच्या बंड्या घालून आत येऊ नये, अशी पाटी असते. आम्ही तिथेच जेवलो. पाट्या वाचून जेवायला जाण्याची आम्हाला सवय आहे.

आणि कायद्याबाहेरचे म्हणवणारे आपल्या चिन्हांच्या बाबतीत कायदा किती जाणतात! 1948 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हेल्स एंजल्सनी आपलं नाव आणि पंख असलेली कवटी रीतसर नोंदवून ठेवली आहे. 2010 मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन कंपनीने तशी कवटी अंगठीवर आणि पर्सवर वापरली, तेव्हा हे दंडेलबाज साखळ्या घेऊन गेले नाहीत. वकील घेऊन गेले.

शेवटचा नियम घंटीचा. गाडीच्या तळाशी छोटी घंटी बांधली की रस्त्यावरची भुतं तिच्यात अडकतात. पण ती स्वतः विकत घेऊन चालत नाही, दुसऱ्याने भेट द्यावी लागते. आबांनी मुलासाठी घेतली, अर्थात घासाघीस करून. दुकानदार बाई म्हणाली, “भेटवस्तूत घासाघीस करत नाहीत.” आबांनी मुलाला विचारलं, “हे लिहिलंय का कुठे?”

तर स्टर्जिसला जरूर जा. ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा आणि राहायची सोय वर्षभर आधी करा. कुणाच्या क्लबला ‘गँग’ म्हणू नका, गाडीला विचारल्याशिवाय हात लावू नका आणि पाठीवरच्या पट्ट्यांचा फोटो परवानगी घेऊन काढा. पण नियमांना कंटाळून मोकळा रस्ता शोधत असाल, तर मोटरसायकल क्लबात नाव घालू नका. तिथे मोकळा फक्त रस्ता आहे.